स्ट्रायकर घडवणारे आण्णा

कोल्हापुरात पेठ तिथं तालीम, तालीम तिथं फुटबॉल संघ आणि संघ तिथं एक आण्णा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं ऐकून परगावचा माणूस कुस्तीचे आखाडे शोधायला लागतो. इथं त्याच नावांसाठी शाहू स्टेडियमवर घसे बसतात. आण्णा त्या संघांचे अधिकृत कोच नसतात. गुडघ्याला क्रेप बँडेज, गळ्यात शिट्टी, अशा थाटात ते संध्याकाळी पेठेतल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना ‘तयार’ करतात. फी नाही. उलट फुटलेला बॉल त्यांच्याच खिशातून नवा येतो.

आण्णा आपल्या काळी फॉरवर्ड खेळायचे. त्यांनी मारलेला एक गोल अजून चालूच आहे. सुरुवातीला तो पेनल्टी एरियातून मारलेला होता. हल्ली तो मध्यरेषेवरून सुटतो. वारा मात्र पहिल्यापासून समोरचाच.

साहजिकच त्यांच्या मते फुटबॉल म्हणजे शूटिंग. “मान खाली. टेकायचा पाय बॉलच्या शेजारी. घोटा आवळ. बॉल बुटाच्या नाडीवर बसला पायजे, टोकावर न्हाई. आनि कोपऱ्यात, खालनं! खालचा बॉल धरायला गोलीला जमिनीवर पडायला लागतंय!” यातला शब्द न् शब्द खरा आहे. अडचण एवढीच, की आण्णा तो प्रत्येक शॉटच्या आधी म्हणतात, आणि शॉट चुकला की पुन्हा पहिल्यापासून म्हणतात. बॉलही पाच नंबरचा, चारशे दहा ते साडेचारशे ग्रॅमचा, मोठ्यांचा. या वयाच्या पोरांना चार नंबरचा असतो, असं एका पालकानं सुचवलं, तेव्हा आण्णा म्हणाले, “बारक्या बॉलनं बारकं प्लेअर हुतंय.”

गोलीची निवड मात्र मिनिटात उरकते. जो उशिरा येतो, ज्याचे बूट घरी राहतात, किंवा ज्याला पळायचा कंटाळा दिसतो, त्याला आण्णा नुसतं बोट दाखवतात : “जा, गोलात उभा ऱ्हा.” गोल म्हणजे दोन बाजूंना चपलांचे ढीग. नियमातला गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. इथली रुंदी त्या दिवशी किती पोरं चपला घालून आली त्यावर ठरते, आणि उंची भांडणावर.

एकदा त्या गोलीनं धीर करून विचारलं, “आण्णा, मला पन कायतरी शिकवा की.”

“गोलीला काय शिकवायचं रं? बॉल आला की धरायचा.”

गोलरक्षणाचं प्रशिक्षण इथं संपलं. १९६२ च्या जकार्ता एशियाडच्या फायनलमध्ये भारताचे दोन्ही गोल कुणी मारले, हे आण्णांना पाठ आहे : पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग. आपल्या गोलात कोण होता म्हणाल, तर “असंल की कोनतरी.” तो कोणतरी पीटर थंगराज होता.

पण हिशेब वेगळंच काही सांगतो. पोरं पंधरा, बॉल एक, रेशनच्या दुकानासारखी रांग आणि वरून आण्णांचं भाषण. तासाभरात एकेकाच्या वाट्याला ४ शॉट येतात. गोलात उभ्या असलेल्याच्या वाट्याला चौदा जणांचे मिळून ५६ येतात, तेही भाषणाविना! रांगेतली पोरं एकमेकांना ढकलत असतात, तेव्हा हा एकटा कामात असतो. नाकावर दोनदा बॉल बसला, की दोन्ही अंगठे जवळ आणून पंजे बॉलमागं धरायला तो आपोआप शिकतो. दोन पावलं पुढं सरकलं, की मारणाऱ्याला जागा कमी दिसते, हेही त्याला कळतं. मारणाऱ्याचा टेकायचा पाय कुठं वळलाय ते बघून तो आधीच झुकतो. हे शेवटचं तर आण्णांनीच शिकवलेलं असतं, फक्त दुसऱ्यांना.

परिणाम असा, की कैक वर्षं आण्णा स्ट्रायकर घडवतायत आणि पेठेला गोली मिळतायत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये फॉरवर्ड म्हणून खेळला. त्याच्या यशात आण्णांचा हात नाही, पण पंचगंगेचं पाणी एकच, या आधारावर ते त्यातला वाटा मागतात. स्वतःचे गोली वरच्या संघांत गेले, तर ते त्यांच्या खिजगणतीतही नसतं.

परवा लहान गटाची मॅच बरोबरीत सुटून टायब्रेकरवर गेली. आण्णांच्या पाच स्ट्रायकरांपैकी चौघांनी अकरा मीटरवरून बॉल आकाशात धाडला. गोलीनं समोरच्यांचे पाचही अडवले आणि मॅच जिंकली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. आण्णा मात्र चुकलेल्या चौघांना बाजूला घेऊन उभे : “मान वर का गेली रं?”

न राहवून एका पालकानं विचारलं, “आण्णा, रोज शूटिंगच घेताय, मग पोरांचं गोल का होत नाहीत?”

आण्णांनी शिट्टी खिशात टाकली, खांद्यावरच्या पोराकडं एक तक्रारीची नजर टाकली आणि म्हणाले, “हुतील कसं? रोज प्रॅक्टिसला ह्यो गोलात उभा असतोय. माझ्या पोरांना गोल झालेला बघायची सवयच न्हाई!”