दांडा, पाचर आणि शेजारी

साताऱ्यातल्या आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेला बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘परसबाग’ म्हटलं होतं. तिथे चार बोटं खणलं की मुरूम लागतो, त्याखाली विटांचे तुकडे, मग गोठलेलं सिमेंट. एकदा तर गवंड्याची थापी निघाली. धुऊन पाहिली तर अजून धडधाकट! बागेतलं माझं सगळ्यात भरवशाचं अवजार आजही तेच.

मग भाच्याने वाढदिवसाला बागकामाचा संच दिला. पोपटी मुठींची अवजारं आणि वर हातमोजे. बायको म्हणाली, शोकेसमध्ये ठेवू या. संचाचं भलं त्यातच होतं. हरळीचा एक झुबका उपटताना काट्याने मान टाकली. पातळ पत्रा दाबून केलेली मान आणि प्लॅस्टिकच्या मुठीत जेमतेम दोन बोटं खोवलेलं शेपूट, त्याने तरी किती तग धरावा?

टिकणारं अवजार मिळतं रस्त्याच्या कडेला, गाडीलोहाराच्या पालाशी. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, बाई घण घालते आणि गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरतं. ‘साहेब, ट्रकचा पाटा आहे,’ एवढंच मालाचं प्रमाणपत्र. आणि ते पुरेसं असतं. कमानपाट्याचं पोलाद मुळात वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच घडवलेलं. ज्याने वर्षानुवर्षं लासलगावचा कांदा कसारा घाट उतरवून मुंबईला पोचवला, त्याला माझं गाजरगवत काय जड? लालबुंद धार पाण्यात बुडवली की कडक होते. पण तशीच सोडली तर दगडावर बसताच तिचा टवका उडतो. म्हणून लोहार नुसती धार बुडवतो, पाठीतली ऊब पुन्हा धारेकडे येऊ देतो आणि पोलादावर पिवळसर छटा चढली की परत पाण्यात! हे इतक्या झपाट्याने होतं, की घासाघीस करायला तोंड उघडेपर्यंत विळा तयार असतो.

निवडीचं काम मात्र सासऱ्यांचं. ते खुरपं दगडावर वाजवून बघतात. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर. दांडा बाभळीचाच हवा, रेषा लांबीला सरळ धावणाऱ्या हव्यात, मध्ये गाठ चालणार नाही. दुकानदार कंटाळून चहा मागवतो, तोवर यांचा तिसरा दांडा नापास झालेला असतो. मला पसंत करताना त्यांनी याच्या निम्मीही चौकशी केली नव्हती, असं बायको अधूनमधून ऐकवते.

टिकावाचा दांडा वरून घालायचा, हेही त्यांनीच शिकवलं. दांड्याचं डोकं जाड असतं, त्यामुळे प्रत्येक घावाला टिकाव आणखी घट्ट बसतो. हातोड्याची गोष्ट वेगळी. त्याला पाचर लागते. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की लोक तो रात्रभर बादलीत बुडवतात. सकाळी घट्ट, दोन दिवसांनी पुन्हा सैल, आणि तिसऱ्या दिवशी डोकं शेजारच्या अंगणात.

निगेच्या बाबतीत आमची भिस्त खंडेनवमीवर. खरं तर काम संपलं की माती झटकून, पुसून तेलाचं बोट फिरवायला मिनिटही लागत नाही. पण आम्ही वर्षभर अवजारं पावसात ठेवतो आणि त्या दिवशी पाटावर मांडून झेंडू वाहतो. कुंकू आणि गंज यांचा रंग इतका जवळचा, की पूजा कुठे संपली ते कळत नाही.

एवढं सगळं करूनही अवजाराचा खरा शत्रू गंज नव्हेच. तो फाटकातून ‘आहेस का रे?’ म्हणत येतो. शेजारचे नाना माझ्या विळ्याने नारळ सोलतात, वायर कापतात, रंगाचे डबे उघडतात. नाही म्हणावं तर दूध नासल्यावर अर्धा लिटर त्यांच्याकडूनच आणायचं असतं.

शेवटी भाच्याचा संच कामी आला. हल्ली नाना आले की मी तोच पुढे करतो. मागच्या आठवड्यात ते ओशाळून आले, म्हणाले, ‘काटा वाकला रे माझ्या हातून.’ मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून भरपाई काढली: नवा कोरा संच, पोपटी मुठींचा. आता अख्ख्या गल्लीला उसना देण्याइतका साठा माझ्याकडे आहे.