पटाचा बैल, पिकअपचा प्रवासी

रेसची मोटार ट्रॅकपर्यंत दुसऱ्या गाडीवर लादून नेतात, हे ऐकून आमचा यवतमाळकर हसतो. हसू नये. आपला शंकरपटाचा बैल तरी कुठे पायी जातो?

2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या आणि छकडे सांदीला पडले. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदाही वैध ठरवला. तेव्हा मालकांपुढे खरा प्रश्न उभा राहिला : जोडी न्यायची कशात? ट्रॅक्टरची ट्रॉली जड, हादरे फार. शिवाय ती कापसाची. म्हणून पिकअप. खाली कुटाराचा जाड थर, मागे हलकासा छकडा आणि ड्रायव्हरला दम : "खड्डे पाहून चालव भाऊ, बैल दमला नाही पाह्यजे."

बरोबरच आहे. काही सेकंदांच्या धावेसाठी दम राखायलाच हवा.

घरची दुसरी जोडी दिवसभर वखर ओढून पायीच गोठ्यात परतते. तिचा मान पोळ्याला, वर्षातून एकदा. आणि मालक? पिकअपमध्ये जागा उरली नाही. तो फाट्यावर एसटीची वाट पाहतोय.