मोडल्याशिवाय घ्यायची नाही

तुमच्याकडेही अशी एक मावशी असेलच. नारळ कानाशी धरून हलवणारी, दुधीला नख लावणारी, 'चव तर बघू दे' म्हणत द्राक्षांचा अर्धा घड संपवून 'आंबट आहेत रे' असं सुनावत पुढे जाणारी. आणि भेंडी! शेंडा मोडल्याशिवाय भेंडी पिशवीत टाकणं हे आमच्या मावशीच्या लेखी महापाप. कट्‌ वाजली तर कोवळी, नुसती वाकली तर जून. पाव किलो भेंडीसाठी ती किलोभर भेंड्यांचे शेंडे मोडते.

या मावशीला लेकाच्या सासुरवाडीला, म्हणजे थेट जपानात, साइतामाला न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विहीणबाई कौतुकाने आम्हाला सुपरमार्केटात घेऊन गेल्या. तिथे भेंडी होती. एका लांबीची, एका रंगाची, हिरव्या जाळीच्या पिशवीत बंद. मावशीची बोटं जाळीवरून फिरली, शिवशिवली. "अरे, पण मोडायची कुठून?"

मोडायची नव्हतीच. कुणीतरी आधीच सगळं निवडून, पारखून ठेवलेलं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क दिसतो तशी मावशी दिसायला लागली. तिला रमवायला म्हणून मी सांगितलं, की २०१९ साली इथे युबारीच्या खरबुजांची एक जोडी लिलावात ५० लाख येनला गेली. मावशीने फक्त विचारलं, "वास घेऊन बघितला होता का त्याने?"

तिला पुन्हा नोकरी मिळाली ती संध्याकाळच्या चिकट्यांमुळे. दुकान बंद व्हायची वेळ जवळ आली, की एक पोऱ्या तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीच्या चिकट्या लावत फिरतो. आधी वीस टक्के, मग तीस, शेवटी 'हांगाकु', म्हणजे निम्म्यात. मावशीला जपानीत 'नमस्कार' येत नाही, पण हांगाकुची दोन अक्षरं ती लांबून ओळखते. लोणच्याची बरणी वाचल्याचं सोंग करत ती त्या पोऱ्याच्या मागे मागे. वीस टक्क्यांचा डबा तिने उचलला, तेवढ्यात विहीणबाईंनी तिची बाही ओढली. मान हलवली. घड्याळ दाखवलं. थांबा! इतके दिवस वाकून वाकून नमस्कार करणाऱ्या या सोज्ज्वळ बाईंना त्या पोऱ्याचं वेळापत्रक पाठ होतं. दोघी विहिणी टोफूच्या कपाटाआड दबा धरून उभ्या राहिल्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती आणि अडतही नव्हतं.

मग एका सकाळी शेताच्या कडेला ती फळी दिसली. भाजीचे वाटे मांडलेले, शेजारी पैसे टाकायला डबा, माणूस कुणी नाही. कुठलाही वाटा शंभर येन. "घासाघीस करायची कुणाशी? डब्याशी?" मावशी वैतागली. मग तिला दिसली भेंडी. उघडी! जाळी नाही, मालक नाही. तिने इकडेतिकडे बघितलं आणि कट्‌.

चेहऱ्यावर काय समाधान! पण दुसरी मोडली नाही. मोडलेलाच वाटा उचलला, नाणं टाकलं आणि डब्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "टाकलेत हो पैसे!"

रात्री विहीणबाईंनी ती भेंडी नुसती उकडून, चिरून, वर सोया सॉस आणि वाळक्या माशाचे पापुद्रे भुरभुरून वाढली. मावशी रत्नागिरीची, तेव्हा माशाला हरकत नव्हती. हरकत होती तारेला. भेंडीची तार मोडायला जिने जन्मभर आमसुलं खर्ची घातली, तिच्यापुढे त्या बुळबुळीत तारेचेच गोडवे गात वाटी आली. मावशीने डोळे मिटून खाल्ली. मग, मला नीट दिसलं, वाटी पुढे केली.

भांडी विसळताना मला हळूच म्हणाली, "मेलं आयुष्यात एवढं पारखून घेतलं, आणि सून तेवढी फोनवर चेहरा बघून घेतली. तीच नेमकी कोवळी निघाली. पण हे तिच्या आईला सांगू नकोस."

"मला कुठे जपानी येतं, मावशी?"

"म्हणून तर तुला सांगितलं."