झबली, टोपडी आणि एक्सेल

जावयाची यादी एक्सेलमध्ये होती. तातडीच्या वस्तू लाल, लवकर लागणाऱ्या पिवळ्या आणि 'असल्या तर बऱ्या' त्या हिरव्या. हिंजवडीत नोकरी करणारा माणूस बापसुद्धा प्रोजेक्टच्या शिस्तीनंच होतो. यादीत बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र होतं, ओले टिश्यू कोमट ठेवणारा डबा होता, आणि बाळ रडलं की मोबाइलवर कळवणारा कॅमेरा होता. लेक बाळंतपणाला आली ती आमच्या नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत. इथं बाळ रडलं की ते समोरच्या इमारतीला, खालच्या वाण्याला आणि वारा असेल तर शनिवार पेठेलाही कॅमेऱ्याशिवाय कळतं.

यादी वाचून दाखवली तेव्हा माझी आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "जन्माच्या आधी बाळाचं काही आणायचं नसतं." झालं. लाल, पिवळं, हिरवं सगळं जागच्या जागी थिजलं.

पण हॉस्पिटलनं बॅग भरून ठेवायला सांगितली होती, त्याचं काय? आईच्या पिढीनं शास्त्र जेवढं पाळलं तेवढ्या त्यातल्या पळवाटाही सांभाळल्या. नवं आणायचं नसतं, जुनं चालतं. मग माळ्यावरून पुतण्याच्या झबल्यांचं गाठोडं उतरलं. आईची एक मऊसूत सुती नऊवारी बाळुत्यांसाठी निघाली. ती फाडण्याचा कार्यक्रम पाहण्यासारखा होता. कात्री फक्त कडेला, बोटभर लावायची. मग दोन्ही हातांत धरून टर्रकन ओढायचं, म्हणजे कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. काठ वेगळे काढायचे, कारण ते कडक. कडांना शिवण घालायची नाही, ती बाळाला टोचते. जावई हे सगळं मोबाइलवर टिपत होता. "आजी, डायपर आहेत की," तो म्हणाला. "असू देत रात्रीला. दिवसा जरा वारा लागू दे त्याला," आई म्हणाली. पुढे बालरोगतज्ज्ञांनी अगदी हेच सांगितलं, तेव्हापासून आमच्या आईच्या मते ते पुण्यातले सर्वांत हुशार डॉक्टर आहेत.

तेच हुशार डॉक्टर नंतर तिच्यावर उलटले, पण आधी यादीचं सांगतो. त्यांनी ती मागून घेतली आणि पेन काढलं. बाटल्या खोडल्या. आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं दुधाच्या बाटलीची जाहिरात करायलाही मनाई आहे, आणि आमच्या यादीत त्या सहा होत्या. वॉकर खोडला, कॅनडानं तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. मग पेन आमच्या पक्षाकडे वळलं. काजळ खोडलं. बाळगुटी खोडली. सहा महिने आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही.

बाळगुटी खोडली जाणं हा घरातला मोठा प्रसंग होता. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, सुंठ, हिरडा असा सगळा ऐवज आईनं डब्यात भरून तयार ठेवला होता. कशाचे किती वेढे सहाणेवर उगाळायचे हे तिला हनुमानचालिसेपेक्षा पाठ. शेवटी तोडगा निघाला: गुटी उगाळली जाईल, पण बाळाला मिळणार नाही. ती मी घेतो. पोट उत्तम आहे. काजळाची तीट बाळाच्या तळपायाला लागते. दृष्ट लावणाऱ्यांनी तिथपर्यंत पोहोचून दाखवावं.

जावयानं मग एक गोष्ट काढली. फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार गरजू आयांना बाळाच्या सामानाचं खोकं देतं, १९४९ पासून ते सगळ्याच आयांना मिळू लागलं. कपडे, पांघरूण, तळाशी गादी. आणि सामान काढून घेतलं की त्याच खोक्यात बाळ झोपतं. "त्यात काय, आमच्याकडे साडीची झोळी असायची," आई म्हणाली. महाराष्ट्र सरकारनंही २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यांतल्या पहिल्या बाळंतपणासाठी दोन हजार रुपयांच्या आसपासचा संच देण्याची योजना आणली. त्यात कपडे, टॉवेल, मच्छरदाणी, तापमापक, नेलकटर असलं सामान. सरकारी यादीला नावं ठेवायची आमची परंपरा, पण ही यादी आमच्या घरातल्या तिन्ही याद्यांपेक्षा शहाणी निघाली. आमच्या याद्यांत बाळाची गरज थोडी आणि आमची भीती नि हौस फार. कॅमेरा जावयाच्या भीतीचा, गुटी आईच्या, आणि हौसेचं खातं आमच्या हिच्याकडे.

कारण जन्म झाल्यावर ही तुळशीबागेत गेली. पेशवाईत नारो अप्पाजी खिऱ्यांनी तिथं राममंदिर उभारलं. पुढे पुण्यातल्या बायकांनी मंदिराभोवती उभ्या राहिलेल्या बाजाराला पुण्य मिळवून दिलं. ही आणायला गेली होती दोन टोपडी. आणली जरीची कुंची, घुंगुरवाळे, दृष्टमणी, आणि भातुकलीचा पितळी संच. "पाच वर्षांनी लागेलच ना!" कुंची बाळाच्या काहीच उपयोगाची नाही, जर टोचते, आणि घातल्यावर बाळ पेशव्यांच्या दरबारातल्या रागावलेल्या कारकुनासारखं दिसतं. तरी ती मला सगळ्यांत आवडली. बाबागाडी मात्र घडीतच आहे. लक्ष्मी रोडच्या फुटपाथवर दुचाकी उभ्या असतात आणि उरलेल्या जागेत आपण.

एवढं झालं, पण खरी निकडीची वस्तू एकाही यादीत नव्हती: दोरी. बाळ जुलैमध्ये आलं. दिवसाला किती बाळुती ओली होतात हे कुणी सांगतं, पण पुण्याच्या संततधारेत ती वाळणार कुठे, हे कुणी सांगत नाही. आता बाहेरच्या खोलीत आडव्या-उभ्या दोऱ्या आहेत. मी पेपर वाकून वाचतो. आई जुन्या काळी शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर बाळुती वाळवायची, वर ओव्याची धुरी. धुराचं नाव काढताच डॉक्टरांनी पुन्हा पेन उचललं. म्हणून पंखा रात्रंदिवस चालू, आणि वीजबिल आलं की कळेल बाळाला किती लागतं ते.

बारसं येत्या रविवारी आहे. येणाऱ्यांना एक विनंती. नवजाताच्या मापाची झबली आता आणू नका, ती ढीगभर झाली आहेत आणि महिन्याभरात तोकडी होतील. आणायचंच तर वर्षाच्या मापाचं आणा. आणि आत येताना दोरीवरचं जे हाताला कोरडं लागेल, ते काढून घडी घालून ठेवा. बाळ नंतर बघा.