पत्र्यापलीकडून

रिव्हेट गन हातात घेतली की माणूस उगाचच गंभीर होतो. मूठ पिस्तुलाची, चाप पिस्तुलाचा, पुढची नळीही तशीच. फरक एवढाच, की मुठीच्या बुडातून एक रबरी पाइप निघतो आणि जमिनीवर लोळत कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरपर्यंत जातो, आणि हे पिस्तूल कुणाला काही फेकून मारत नाही. नळीच्या पोटात एक पोलादी दट्ट्या असतो. चाप ओढला की दाबलेली हवा त्याला पुढे लोटते, तो समोरच्या ‘सेट’च्या, म्हणजे रिव्हेटवर टेकणाऱ्या पोलादी तोंडाच्या, बुडावर आदळतो, आतली झडप पालटते, हवा उलट्या बाजूने शिरून त्याला माघारी आणते आणि तो पुन्हा निघतो. मिनिटाला दोन हजारांच्या आसपास वेळा. एवढ्या येरझाऱ्या घालून तो शेवटी जिथे होता तिथेच असतो. घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलेल्या माणसाची मधली काही वर्षं साधारण अशीच जातात.

माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये राहतो. चिपच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, फार तर गीतेच्या वर्गाला जातात. दादाने विमान बांधायला घेतलं. त्यात त्या प्रदेशाचाही थोडा हात आहे. त्याच्या घरापासून फार लांब नसलेल्या ऑरोरा गावात ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’चा कारखाना आहे. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन नावाच्या गृहस्थांनी स्वतःच्या आवडीचं एक छोटं एकआसनी विमान केलं, आरव्ही-३. ते १९७१ मध्ये उडालं. लोकांनी नकाशे मागितले, मग भाग मागितले, आणि १९७३ मध्ये कंपनी उभी राहिली. तिच्या संचांतून लोकांनी गॅरेजांत, गोठ्यांत, तळघरांत बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमानं आजवर उडाली आहेत. अमेरिकेचा कायदाही या वेडाला मोठ्या मनाने सांभाळून घेतो. विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं, आणि ते शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असावं, एवढीच त्याची मुख्य अट. मग मात्र विमानावर ‘एक्स्पेरिमेंटल’ असं ठळक लिहावं लागतं, आणि आत बसणाऱ्याला दिसेल अशी एक पाटी लावावी लागते, की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि ते नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही. दादाला ही पाटी फार आवडते. विमानाचं शेपूटही पुरतं तयार नव्हतं, तेव्हा त्याने ती मागवून ठेवली होती.

मी त्याच्याकडे राहायला गेलो तेव्हा पंखांचं काम चाललं होतं. पंखांच्या पत्र्यात हजारो भोकं, आणि पक्कं ठोकण्याआधी पत्रा जागेवर राहावा म्हणून त्यांत खोचलेले क्लेको नावाचे स्प्रिंगवाले चिमटे. लहान भोकांना चंदेरी, मोठ्यांना तांबूस. त्यामुळे पंख एखाद्या सणासुदीला नटलेल्या साळिंदरासारखा दिसत होता. एकेक चिमटा काढायचा आणि तिथे रिव्हेट बसवायचं. रिव्हेट म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, एका टोकाला डोकं असलेला इवलासा खिळा. दादाची बहुतेक रिव्हेटं इंचाच्या तीन-बत्तीसांश जाडीची होती, डोक्याच्या मधोमध सुईने टोचल्यासारखा एक खळगा असलेली. तो खळगा म्हणजे त्या धातूची जात सांगणारी खूण. याहून कडक जातीची काही रिव्हेटं तापवून विझवल्यावर चक्क फ्रीझरमध्ये ठेवावी लागतात, नाहीतर ठोकायच्या आधीच ती घट्ट होऊन बसतात. आपल्या विमानाला ती लागत नाहीत, असं दादाने मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाजात किंचित खंत होती.

रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. पत्र्याच्या बाहेर गनवाला. पत्र्याच्या आत, हात खांद्यापर्यंत घालून, हातात धातूचा एक जड ठोकळा धरून बसलेलं दुसरं माणूस. त्या ठोकळ्याला बकिंग बार म्हणतात. बाहेरून गन रिव्हेटच्या तयार डोक्यावर बडवते, आतून बार रिव्हेटच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे शेपटाला, टेकलेला असतो, आणि दोघांच्या मधे सापडून ते शेपूट चपटं होत जातं. जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच झालं की थांबायचं. म्हणजे नाव गनचं होतं, आवाज गनचा होतो, पण नवं डोकं घडतं ते बारच्या बाजूला. ही बाजू दादाच्या घरी वहिनीची होती.

दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. कानांवर आवाज रोखणारी मोठी आवरणं, मधे पत्रा, त्यामुळे बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून जुन्या विमान कारखान्यांतली एक खुणेची पद्धत त्यांनी उचलली होती. आतल्या माणसाने बारने एक टकटक केली की ठोकायला सुरुवात करा. दोन टकटक म्हणजे छान झालं, पुढे चला. तीन टकटक म्हणजे बिघडलं, काढून टाका. मी पहिल्यांदा बघत होतो तेव्हा वहिनीने तीन वाजवल्या. दादा म्हणाला, “बघू बरं.” आतून पुन्हा तीन, जरा सावकाश आणि सुट्या सुट्या. दादाने मुकाट्याने ड्रिल उचललं. लग्नाला पस्तीसेक वर्षं झालेल्या जोडप्याचा इतका थोडक्यात आटोपलेला मतभेद मी अन्य कुठे पाहिलेला नाही.

पण मला सांगायचंय ते गनच्या दुखण्यांबद्दल. ही बया ठणठणीत असली की दिवसभर निमूट ठोकते, आणि बिनसलं की काही केल्या हलत नाही. चाप ओढावा तर नुसता ‘फुस्स’ असा निःश्वास. कधी एकच ठोका देऊन गप्प. कधी झटकली, उलटी केली, मुठीवर थोपटली, की आठवल्यासारखी सुरू होते. एका सकाळी ती अशी रुसली तेव्हा मला वाटलं, आता दादा तिचे तुकडे करून टेबलावर मांडणार. त्याने तिला हातही लावला नाही. तो आधी कॉम्प्रेसरकडे गेला, काटा पाहिला, पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं, गनच्या बुडाशी असलेला दाबाचा नॉब पाहिला, आणि मगच गनकडे वळला. “पेशंटला चिरण्याआधी तो जेवलाय का ते विचारावं,” असं तो म्हणाला.

त्या दिवशी पेशंट जेवला नव्हता असं नाही, पाणी प्यायला होता. दादा राहतो त्या ऑरेगॉनच्या खोऱ्यात हिवाळाभर पाऊस असतो. आपल्यासारखा गडगडाट करून मोकळा होणारा नव्हे. दिवसचे दिवस नुसता असतो. ती ओली हवा कॉम्प्रेसर पोटात घेतो, दाबतो, ती गार झाली की पाणी सुटतं आणि टाकीच्या तळाशी साचतं. कुणी ते काढलं नाही, तर त्यातलं थोडं पाइपातून गनपर्यंत पोहोचतं, दट्ट्यावर बसतं, तेल धुऊन नेतं आणि मागे गंजाची लाली ठेवून जातं. म्हणून रोज संध्याकाळी टाकीच्या बुडाची चावी उघडून चहाच्या रंगाचं पाणी सोडून द्यायचं, हा त्या घरातला दिवेलागणीचा विधी होता. दादा चावी उघडायचा, वहिनी देवापाशी निरांजन लावायची, आणि दोन्ही कामं साधारण एकाच वेळी संपायची.

दुसरं दुखणं तेलाचं. गनला रोज कामाआधी हवेच्या तोंडातून तीन-चार थेंब तेल द्यावं लागतं. तेही हवेच्या अवजारांसाठी मिळतं तेच पातळ तेल, मोटारीचं नाही. कमी पडलं तर दट्ट्या अडतो. जास्त झालं तर सगळं तेल हवेबरोबर बाहेर येऊन स्वच्छ पुसलेल्या पत्र्यावर बारीक फवारा होऊन बसतं, आणि रंग धरत नाही. आणि जर कुणी प्रेमाने भरपूर तेल घालून गन महिनोन्महिने कपाटात ठेवली, तर ते आतल्या आत सुकून चिकट होतं. जुनी, वापरलेली गन विकत घेतली तर बहुतेक हेच निघतं. तिच्यावर इलाजही सौम्य आहे. पातळ सॉल्व्हंट आत घालायचं, रात्रभर तसंच मुरू द्यायचं, सकाळी सेटचं तोंड लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून चाप हळूहळू दाबायचा. आधी काळी घाण बाहेर येते, मग दोन-चार अडखळते ठोके, आणि मग एकदम तो ओळखीचा तडतडाट. मग पुन्हा ताजे थेंब. मात्र लाकूड न टेकवता हवेत चाप ओढायचा नाही. आणि पुढची स्प्रिंग चढवल्याशिवाय तर नाहीच, नाहीतर सेट सुटून गॅरेजच्या पलीकडच्या भिंतीत जाऊन बसेल. खोलायचीच वेळ आली तर नळी शेगड्यात धरताना लाकडाचे जबडे लावायचे आणि बेताने आवळायचं. दट्ट्या आणि नळी यांच्यात अंतर इतकं कमी असतं, की जोर जास्त झाला तर नळी किंचित चेपते आणि दट्ट्या कायमचा अडतो. ठोकण्यासाठीच जन्मलेल्या या यंत्राला हाताळायचं ते इतक्या हळुवारपणे, याची मला गंमत वाटत राहिली.

दादा दुरुस्ती करत असताना मला पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी आठवायची. आमची आत्या तिथून जवळ राहायची. दुपारी जेवणं झाली, की आळीतून हातोड्यांचा आवाज येत असे. तांब्याच्या भांड्यावर मठार पडत असे, एकाशेजारी एक, चकचकीत, सारखे खळगे. भांड्याच्या आतून लोखंड टेकवलेलं असायचं आणि बाहेरून हातोडी. आत्या म्हणायची, ठोका ऐकूनच कळतं हात बसलाय की नाही. आत्या स्वतः कधी आळीत शिरलेली नव्हती, पण स्वयंपाकघरात बसून ती अख्ख्या आळीची परीक्षा घेत असे. “हा पोरगा नवा दिसतो,” असं ती ताक घुसळता घुसळता म्हणायची.

रिव्हेटचंही तेच आहे. शेपूट बसत आलं, की आवाज भरीव होतो. दादाला तो ओळखू येतो, वहिनीला त्याच्याही आधी हाताला कळतो. नवख्याची चूक अशी, की तो भीतीने दाब कमी ठेवतो आणि हलक्या हाताने खूप वेळ ठोकत बसतो. या धातूला ते सोसत नाही. प्रत्येक ठोक्यागणिक तो आणखी कडक होत जातो आणि शेवटी कडेला तडकतो. चाळीसेक पौंडांचा दाब ठेवून, गन नीट काटकोनात धरून, क्षणभरात काम उरकावं हे बरं. पण गन तिरकी झाली, की वाटीदार सेटची कड पत्र्यात रुतते आणि डोक्याशेजारी एक छोटी चंद्रकोर उमटते. हौशी विमानवाले तिला ‘स्मायली’ म्हणतात. दादाच्या डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला अशा काही हसऱ्या कोरी आहेत. पाहुणा आला की तो विमान दाखवताना नेमका तिथेच उभा राहतो, आणि आपण वाकू नये म्हणून कोपराने अडवतो.

गॅरेजच्या भिंतीवर नॉर्मन रॉकवेलच्या चित्राची एक प्रत लावलेली होती. ‘सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट’च्या २९ मे १९४३ च्या अंकाचं ते मुखपृष्ठ. कारखान्यातली दणकट दंडांची रोझी सँडविच खाते आहे आणि मांडीवर भलीमोठी रिव्हेट गन. चित्रासाठी बसलेली मुलगी, मेरी डॉयल, प्रत्यक्षात व्हरमाँटमधल्या गावातली एकोणीस वर्षांची टेलिफोन ऑपरेटर होती, आणि चांगली सडपातळ होती. तिला एवढी धिप्पाड रंगवल्याबद्दल रॉकवेलने पुढे पत्र लिहून तिची माफीही मागितली. दादाला हे सगळं तोंडपाठ. वहिनीने त्या चित्राकडे एकदाच नीट पाहिलं असावं. “हिच्यासमोर बार कोण धरत होतं, ते नाही काढलं,” एवढंच ती म्हणाली.

त्या चित्राशेजारी एक मराठी कात्रण होतं. मुंबईतल्या कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, ते २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. दादा त्या कात्रणाकडे बघून मधेच गप्प होत असे. मला वाटे, तो त्या जिद्दीचा विचार करतोय. एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, “मुंबईच्या पावसाळ्यात, गच्चीवर... टाकीत पाणी किती साचत असेल रे?”

पुढे विमान उडालं. फोटो आले, त्यात दादा बारीक दिसत होता आणि विमान पिवळं. मग रिवाजाप्रमाणे अवजारं विकायची वेळ आली. हौशी विमानवाल्यांत गन अशीच एका गॅरेजमधून दुसऱ्या गॅरेजमध्ये फिरत असते. एक तरुण मुलगा घ्यायला आला, त्याच्या विमानाच्या शेपटाच्या सुट्या भागांची पेटी नुकतीच घरी आलेली. दादाने त्याला तेलाची बाटली फुकट दिली, चावी उघडून पाणी सोडून दाखवलं, लाकडाचा ठोकळाही बरोबर दिला. मुलाने सगळं गाडीत ठेवलं आणि विचारलं, “आणि बकिंग बार?” दादाने पोलादाचे दोन काढून दिले. पण मुलाने यादी वाचलेली होती. टंगस्टनचा एक असणार, तो म्हणाला. हातात मावेल एवढा, पण पोलादाच्या दुपटीहून जड. महाग असतो आणि सगळ्यांना तोच हवा असतो.

दादाने आत हाक मारली. वहिनी बाहेर आली नाही, आतूनच म्हणाली, “अहो, तो पनीरवर ठेवलाय.”

“मग काढ की. मुलगा थांबलाय.”

आतून ओट्यावर तीन टकटक ऐकू आल्या, सावकाश आणि सुट्या सुट्या. दादा मुलाकडे वळला आणि म्हणाला, पोलादाचेही चांगले असतात.