चहा कोण टाकणार?

19 नोव्हेंबरला आमच्या सोसायटीत आंतरराष्ट्रीय पुरुष दिन उत्साहात साजरा झाला. इतिवृत्तात तसं लिहिलंय, म्हणून मीही तसंच म्हणतो.

ठिणगी पडली होती 8 मार्चला. त्या दिवशी सोसायटीतल्या यच्चयावत महिलांना एकेक गुलाब, एकेक कुंकवाचा करंडा आणि चेअरमनसाहेबांचं बावीस मिनिटांचं भाषण मिळालं. भाषण चालू असतानाच बी विंगमधल्या काकांनी ग्रुपवर टाकलं, 'आणि आम्हाला काय?' त्याखाली इतके अंगठे उमटले, की पाण्याच्या टँकरच्या मेसेजलाही कधी उमटले नव्हते. पुरुषांमध्ये एवढी एकी असते हे मला तेव्हा प्रथमच कळलं. पार्किंगच्या वेळी ती कुठं जाते कोण जाणे.

तारखेचा अभ्यास करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी लिहितो. कॅरेबियन समुद्रातल्या त्रिनिदादमध्ये जेरोम टीलकसिंग नावाचे इतिहासाचे एक प्राध्यापक आहेत. त्यांनी 1999 मध्ये हा दिवस सुरू केला. 19 नोव्हेंबर निवडला, कारण तो त्यांच्या वडिलांचा वाढदिवस. दुसरं कारण, दहा वर्षांपूर्वी याच तारखेला फुटबॉलच्या एका सामन्यानं अख्खा देश एकत्र आणला होता. तो सामना बरोबरीत सुटला असता तरी त्यांचा संघ विश्वचषकाला गेला असता. अमेरिकेकडून 1-0 असा हरला. म्हणजे पुरुष दिनाच्या मुळाशी एक बाप आणि एक हुकलेली मॅच आहे. इतकी चपखल तारीख पंचांग घेऊन बसलो असतो तरी मिळाली नसती.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढं वाचलं. 19 नोव्हेंबर ही इंदिरा गांधींची जयंती. झाशीच्या राणीची जयंतीही याच दिवशी पाळतात. आणि संयुक्त राष्ट्रांनी या तारखेला पुरुषांसाठी काही जाहीर केलेलं नाही. त्यांच्या यादीत त्या दिवशी जागतिक शौचालय दिन आहे. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "बघा! इथंही आपल्यावर अन्यायच!" शौचालयाचा विषय मात्र तिथंच मिटवण्यात आला. त्याचं कारण पुढं येईल.

कार्यक्रम ठरला, बॅनर ठरला, अध्यक्ष ठरले. बॅनरवर मिशीचं चित्र असावं की नसावं यावर पाऊण तास गेला. शेवटी सेक्रेटरींनी विचारलं, "चहा कोण टाकणार?"

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग 'महिला मंडळाला विनंती करावी' असा ठराव एकमतानं मंजूर झाला. मंडळाचं उत्तर चार मिनिटांत आलं : 'मार्चमध्ये आमचा चहा आम्हीच टाकला होता. नोव्हेंबरात तुमचा तुम्ही टाका. शुभेच्छा.' शेवटी गुलाबाचं चित्र.

ही स्त्रीमुक्तीची अतिरेकी शाखा असल्याचं काकांचं मत पडलं. पण आव्हान स्वीकारलं गेलं.

19 नोव्हेंबरच्या संध्याकाळी क्लब हाऊसच्या मागच्या खोलीत आम्ही सात पुरुष गणपतीच्या मोठ्या पातेल्याभोवती उभे होतो. एक निवृत्त बँक मॅनेजर, दोन इंजिनियर, एक सीए, एक विम्याचे एजंट, काका आणि मी. आधी पाणी की आधी दूध यावर दोन पक्ष पडले. इंजिनियरांनी भिंतीवर पेन्सिलनं त्रैराशिक मांडलं : एक कप नव्वद मिली, साठ कप, उकळून आटणारं पाणी वजा. माझ्याकडं आलं होतं. सुरीनं साल काढता काढता निम्मं आलं सालीबरोबर गेलं आणि उरलेलं ठेचायला खलबत्ता कुणीच आणला नव्हता, म्हणून ते मी गॅसच्या पान्यानं ठेचलं. साखर दोघांनी एकमेकांना न सांगता टाकली. पावडरीपाशी मात्र सगळे अडले. सीएंनी घरी फोन लावला. हात ओले म्हणून फोन स्पीकरवर.

"अगं, साठ कपांना पावडर किती?"

"तीस वर्षं दोन कपांना किती टाकते ते पाहिलंत का कधी?"

त्या शांततेत दूध वर आलं. एकानं फुंकर मारली, एकानं गॅसचं बटण उलट फिरवलं, आणि सव्वातीन लिटर दूध शेगडीवरून खाली उतरून खोलीभर पसरलं. मग नाक्यावरच्या टपरीवरून साठ कटिंग मागवले. टपरी एक मावशी चालवतात. इतिवृत्तात 'चहापान झाले' एवढंच आहे.

भाषणं सुरू झाली. काकांनी पहिल्याच वाक्यात हात घातला तो एसटीला. 17 मार्च 2023 पासून राज्यात बायकांना अर्धं तिकीट. "मग आम्ही काय पाप केलंय? सीट पूर्ण, तिकीट पूर्ण!" टाळ्या. काकांची गावाकडं जमिनीची केस चालू आहे. गेली दोन वर्षं दर तारखेला काकूच जातात, अर्ध्या तिकिटात. पहाटे पाचची गाडी, वकिलाकडं बसणं, रात्री नऊला परत, आणि येऊन भाकरी. या सवलतीचा लाभार्थी नेमका कोण, हे महामंडळानं एकदा तपासावं.

मग नावाचा विषय. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. "बाप तिसऱ्या नंबरावर ढकलला!" विम्याच्या एजंटांचा आवाज चढला. आडनाव कुणाचं लावायचं, हे अजून कुणी विचारलेलं नाही, त्यामुळे चौथ्या नंबरावरही बहुधा बापच बसलाय. पण हिशेबाला सभेत किंमत नसते.

'लाडकी बहीण' योजना तर निघणारच होती. बायकांना महिन्याला दीड हजार. "लाडक्या भावाचं काय?" असा प्रश्न आला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, भावांनी आपली सोय आधीच केलीय. 2025 च्या छाननीत या योजनेचे पैसे घेणारे चौदा हजारांवर पुरुष सापडले, रक्कम एकवीस कोटींच्या घरात. पुरुषानं पुरुषपण सोडून स्त्रीच्या जागी जाऊन पाहावं, असं स्त्रीवादी मंडळी किती वर्षं सांगत होती. चौदा हजार जणांनी ऐकलं. त्यासाठी फक्त बँकेत खातं लागलं.

यावर कुणी हसलं नाही. दोघांनी खाली पाहिलं.

चौथ्या मजल्यावरची एम.ए. करणारी मुलगी उभी राहिली. तिनं पितृसत्ता, विषारी पुरुषत्व, भावनिक श्रम असे शब्द पहिल्या पाच मिनिटांत वापरले. तिचं म्हणणं मला पटत होतं. म्हणजे, पटलं असतं असं वाटतं, मध्ये थोडं मराठी आलं असतं तर. बोलून झाल्यावर तिनं चहाचा कागदी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि निघाली. तो सकाळी साफसफाईच्या ताईंनी उचलला. भावनिक श्रम कुणाचे, हे त्या ताई सांगू शकल्या असत्या, पण त्यांना निमंत्रण नव्हतं.

तिनं एक कागद मात्र कामाचा आणला होता. केंद्र सरकार लोकांचा दिवस कशात जातो ते मोजतं. 2019 च्या पाहणीत घरच्या बिनपगारी कामाला बायका रोज सरासरी 299 मिनिटं देत होत्या आणि पुरुष 97. पुरुषांची ही सरासरी सगळ्यांची नाही, जे घरकामाला हात लावतात फक्त त्यांची; आणि असे पुरुष चारात जेमतेम एक. 2024 ला पुन्हा मोजलं. बायका 289, पुरुष 88. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषांनी लगेच आपली नऊ कमी करून घेतली. समानता म्हणतात ती हीच असावी. पुढच्या पाहणीपर्यंत मिक्सरनं आणखी दहा वाचवली, तर आपण कुठं जाणार, ही खरी पुरुषांची समस्या आहे.

"सगळं घड्याळ लावून मोजायला लागलात तर संसार कसा व्हायचा?" काका म्हणाले. "आजकालच्या बायकांना..."

हे 'आजकाल' मला फार आवडतं. ते निदान 1882 पासून चालू आहे. त्या साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' छापली. सुरतेकडं एका विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली होती आणि वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर झोड उठली होती, ती वाचून. बायकांच्या माथी मारलेले दुर्गुण ताराबाईंनी एकेक करून पुरुषांच्या अंगावर बेतून दाखवले, आणि ते बायकांपेक्षा जास्त अंगाबरोबर बसले. तेव्हाच्या काकांना ते इतकं झोंबलं, की बाजू घ्यायला ठळकपणे एक जोतीराव फुलेच पुढं आले. ताराबाईंनी पुन्हा पुस्तक छापलं नाही. ते एक पुस्तक 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी हुडकून पुन्हा छापेपर्यंत मराठी पुरुषांनी त्र्याण्णव वर्षं त्याच्यावर निवांत झोप काढली.

हे सांगायला मी उठणार होतो. पण तेवढ्यात एकांनी छत्रपती संभाजीनगरकडच्या पत्नीपीडितांचा दाखला दिला. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिकडं काही मंडळी पिंपळाला उलट्या फेऱ्या मारून 'सात जन्म हीच नको' असं साकडं घालतात. "आपणही करू या!" गेटापाशी पिंपळ आहेच. उत्साह इतका वाढला, की पूजेच्या तयारीला महिला मंडळाला विनंती करावी, असं कुणीतरी बोलून गेलं.

सभा गंभीर झाली ती सीएंच्या भाषणानं. ते म्हणाले, सरकारी अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 1 लाख 70 हजार 924 आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत शंभरात जवळजवळ बहात्तर पुरुष. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला, 22 हजार 746. आकडे खरे आहेत, मी ताडून पाहिले. हॉलमध्ये अगदी चिडीचूप झालं. मला वाटलं, आता काहीतरी बोललं जाईल. कोण मरतं, का मरतं. त्याच अहवालात लिहिलंय, की मरणाऱ्यांत सगळ्यात मोठा गट रोजंदारीवर जाणाऱ्यांचा, चौथ्या हिश्श्याहून मोठा. पण सीए म्हणाले, "आता बोला म्हणावं स्त्रीवाद्यांना!" टाळ्या पडल्या आणि ते मेलेले पुरुष पुन्हा अहवालात गेले.

आभारप्रदर्शनाआधी 'कुणाला काही विचारायचं आहे का?' असं रीतीनं विचारलं. मागच्या रांगेतले तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा उभे राहिले. गेल्या आषाढात आजी गेल्या. मुलगा कॅनडात. अधूनमधून ते मला दुकानात डाळींच्या पुड्यांसमोर दिसतात, एक उचलतात, डोळ्यांजवळ नेतात, परत ठेवतात. मी 'काय आजोबा, बरंय ना?' असं म्हणून पुढं जातो.

आजोबा म्हणाले, "भाताला शिट्ट्या किती?"

हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं काका. सभेत एक तरी विनोद हवाच होता. आजोबा उभेच राहिले. हातात कार्यक्रमपत्रिका, तिच्या पाठीवर काहीतरी लिहायला पेन काढलेलं. माझ्या मनात मी उत्तर शोधलं. मलाही येत नव्हतं. वयाची सत्तावन्न वर्षं, त्यांतली सगळी भात खाण्यात गेलेली.

"तीन, बाबा," दारातून आवाज आला. वॉचमन. तो वाशिमकडचा. सोयाबीननं दगा दिल्यापासून चार वर्षं इथं बारा बारा तासांची ड्यूटी करतो. आज खुर्च्या मांडायला आत बोलावलेला, नंतर उचलायला लागणार म्हणून दारातच थांबलेला. "कुकर बारका असला तर दोनच. तांदूळ आधी भिजवा अर्धा तास. अन् एक वाटीला दोन वाट्या पाणी."

आजोबा लिहीत होते. "डाळीला?"

"डाळीला चार. हळद आधीच टाका." मग तो जरा घुटमळला. "साहेब, सगळे आहेतच तर, ते केबिनमागच्या संडासाचं..."

"तो विषय आजच्या पटलावर नाही," सेक्रेटरी म्हणाले. तो तीन वर्षं कुठल्याच पटलावर नाही. त्यासाठी वॉचमन नाक्यावरच्या पेट्रोल पंपावर जातो, आणि तेवढ्यात गेट उघडं राहिलं म्हणून ग्रुपवर त्याचा फोटो टाकला जातो.

ग्रुप फोटोसाठी सगळे बॅनरपुढं आले. फोटो काढायला कुणीतरी हवं होतं, म्हणून वॉचमनच्या हातात मोबाइल दिला. त्यानं दोन पावलं मागं जाऊन सगळे मावतायत का पाहिलं. आजोबा फ्रेमच्या बाहेर राहिले. ते खुर्चीवर बसून विचारत होते, "हळद किती रे? चमचा कुठला?"

"पोह्यांचा नव्हे, बाबा, त्याच्याहून बारका," वॉचमन मोबाइलमधून डोळा न काढता म्हणाला, "पाव चमचा. सगळ्यांनी इकडं बघा."