तिकडचे

प्रत्येक इमारतीत एक माणूस असा असतो, ज्याने आयुष्यात एकदाच, कुठेतरी लांब, काहीतरी खाल्लेलं असतं आणि त्या एका वाटीचं व्याज तो जन्मभर वसूल करत असतो. आमच्या मजल्यावर ते भाऊ आहेत. त्यांच्या माघारी सगळे त्यांना ‘तिकडचे’ म्हणतात.

भाऊ तिकडे गेले ते सात दिवस, सहा रात्री. दार्जिलिंग आणि गंगटोक. सहल मराठी माणसांची, त्यामुळे आचारी बरोबर. हिमालयाच्या पायथ्याशी सकाळी पोहे, रात्री वरण-भात आणि एका मुक्कामी श्रीखंड-पुरी. पण एका संध्याकाळी गाडी बंद पडली आणि मंडळींना दीड तास मोकळा मिळाला. त्या दीड तासात भाऊंनी झोल मोमो खाल्ले. तिखट, आंबट, तिळाच्या रश्शात बुडालेले सहा मोमो. गाडी सुरू झाली, भाऊ मात्र अजून तिथेच आहेत.

इथे म्हणजे कोनला. पनवेलहून पळस्पे फाटा ओलांडून जुन्या पुणे रस्त्याने शेडुंगकडे निघालं, की जिथून सावळ्याचा रस्ता रसायनीकडे फुटतो, ते कोन. डिसेंबर 2016 मध्ये म्हाडाने इथल्या 2,417 घरांची गिरणी कामगारांसाठी सोडत काढली. 160 चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून 320 चौरस फुटांचं एक घर, किंमत 6 लाख. चाव्या हाती येईपर्यंत मधल्या मधे करोनाचे संशयित इथे विलगीकरणाला राहून गेले. भाऊंचे वडील 18 जानेवारी 1982 ला संपावर म्हणून गिरणीबाहेर पडले ते कायमचेच. घराला नंबर लागला तेव्हा कागदावर वारस म्हणून आईचं नाव होतं. आई मालवणची. समोरच्या दारातल्या आजी साताऱ्याकडच्या. गिरणगावातल्या चाळीचा एक तुकडा उचलून रसायनीच्या रस्त्याला ठेवल्यासारखा आमचा मजला आहे.

या मजल्यावर महिन्यातून एका रविवारी ‘तिकडचं’ होतं. सकाळी नवाला भाऊ मैदा मळतात. साडेनवाला घरातली सगळी पातेली ओट्यावर, दहाला ओटा पुरत नाही म्हणून पलंगावर. वहिनी त्या दिवशी माहेरी जातात. माहेर कळंबोलीला आहे, त्यामुळे सोयीचं पडतं.

पनवेल स्टेशनबाहेरच्या गाडीवरचे मोमो भाऊ खात नाहीत, दुसऱ्याने खाल्लेलेही त्यांना बघवत नाहीत. “मेयोनीज? अहो, तिकडे मेयोनीज नसतं!” हे ते अशा आवाजात सांगतात, की मेयोनीज लावणाऱ्या पोराला क्षणभर आपण कुणाचं तरी घर मोडलं असं वाटावं.

कोबी किसून, मीठ लावून, पिळून घ्यायचा, नाहीतर सारण पाणी सोडतं आणि पारी फाटते, एवढं भाऊंना पक्कं ठाऊक आहे. अडतं ते कळ्यांपाशी. भाऊंचा मोमो गाठोड्यासारखा दिसतो, रात्रीच्या गाडीने गावाला निघालेल्या माणसाच्या. आई पलंगाच्या कोपऱ्यावर बसून तासभर बघते. मग एक पारी उचलते आणि बोलता बोलता एकवीस कळ्या पाडून ठेवते.

“आई, हा मोदक झाला.”

“मगे? तुझो काय झालो?”

उकडायला अर्थात मोदकपात्रच. आई म्हणाली, खाली हळदीचं पान घाल. भाऊ म्हणाले, तिकडे हळदीचं पान नसतं. बारा मिनिटांनी झाकण काढलं तर मोमो वर आले आणि बुडं चाळणीतच राहिली. दुसरा घाणा लावताना भाऊ तीळ भाजायला वळले. त्या खेपेचे मोमो अखंड निघाले, मैद्याचा गुण म्हणून. पात्रातून निघालेलं पान आईने गुपचूप केराच्या टोपलीत टाकलं ते मी पाहिलं.

पण खरा प्रसंग तिमुरचा. झोलात भाजलेले तीळ, टोमॅटो, सुक्या मिरच्या, आलं-लसूण सगळं उरण नाक्यावर मिळतं. तिमुर, म्हणजे तिकडचा मिरीसारखा मसाला, तेवढा मिळत नाही. भाऊंनी ते मोबाइलवरून मागवलं. अडीचशे रुपये, पन्नास ग्रॅम, अकरा दिवस. पुडी उघडायला मजला जमला. भाऊंनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातला 2013 सालचा प्रयोग सांगितला: याच्याच जातीची सिचुआन मिरी ओठांना लावली तर सेकंदाला 50 कंपनं जाणवतात. “घरातल्या विजेचीही तेवढीच!” म्हणजे जीभ प्लगात खुपसल्यासारखीच, असं म्हणून त्यांनी एक दाणा आईच्या हातावर ठेवला.

आईने वास घेतला.

“रे झिला, ह्या तर तिरफळ! बांगड्याच्या तिखल्यात घालतत ता.” आणि कपाटातून हॉर्लिक्सची बाटली काढली. गावाहून आलेलं अर्धा किलो तिरफळ. फुकट.

आईने वनस्पतिशास्त्राचं पुस्तक पाहिलेलं नाही, पण चूक फार नव्हती. तिमुर आणि तिरफळ, दोघांचं आडनाव झँथॉक्सिलम, घरं तेवढी वेगळी. भाऊंनी हे फोनवर तपासलं, फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, “चुलत आहे. सख्खं नाही.”

जेवणं पावणेतीनला. समोरच्या आजींनी वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले आणि निकाल दिला: “शेंगुळंच की रं हे! हुलग्याचं पीठ न्हाय घातलंस व्हय?” हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून मळायचं, वळ्या करून उकळत्या पाण्यात सोडायच्या, आणि अंगातली थंडी पळवायची, हे त्या सासुरवाशीण असल्यापासून करत आल्यात. त्यांना सहलीला कुणी नेलं नाही, त्यामुळे ते कधी अस्सल झालं नाही.

चव? खरं सांगतो, झोल अप्रतिम होता. शेवटी भाऊंच्या नकळत त्यात तिरफळ ठेचून पडलं होतं. आईने उरलेल्या झोलात भात कालवला. भाऊ म्हणाले, तिकडे भात कालवत नाहीत. मग त्यांनीही कालवला.

पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. यायचं असेल तर नाश्ता भरपेट करून निघा, ताट अडीचच्या आत पडत नाही. येताना उरण नाक्यावरून हळदीची चार पानं घेऊन या. भाऊंना दाखवू नका; आईच्या हातात द्या.